निशाणी २४ कुठे गेली?

मा. रजिस्ट्रार जनरल, मुंबई उच्च न्यायालय,
मा. प्रमुख जिल्हा व सत्र न्यायाधीश, पुणे,
यांस,



आज शिरूर, उद्या दौंड. न्हावरा-चौफुला रस्त्यावर एसटीने फेऱ्या मारत वकिली करणारा मी एक साधा माणूस. मोठ्या कोर्टातले मोठे प्रश्न मला झेपत नाहीत. एका हरवलेल्या कागदाबद्दल लिहितो आहे.

ही गोष्ट कोणत्या न्यायालयातली, ते मुद्दाम सांगत नाही. माझा पक्षकार कांदा पिकवणारा. उसनवारीपोटी दिलेला चेक वटला नाही, कलम १३८ खाली शिक्षा झाली. अपील तीस दिवसांच्या आत दाखल केलं, शिक्षेला स्थगितीही मिळाली. खालच्या कोर्टातून आर अँड पी, म्हणजे खटल्याचं सगळं रेकॉर्ड, आलं, बस्ता सोडला, तर निशाणी २३ नंतर थेट २५. मधल्या कागदाच्या जागी टॅगला अडकलेला फाटका कोपरा तेवढा उरलेला. त्या निशाणी २४ ला तक्रारदाराचा उलटतपास होता. चेक कोरा दिला होता, रक्कम नंतर भरली, हे त्याने तिथेच कबूल केलं होतं. आमचा सगळा बचाव त्या पानांवर.

मग पत्रं गेली, स्मरणपत्रं गेली. खालून उत्तर आलं, आहे ते सगळं पाठवलं. तारखांवर तारखा पडल्या. माझ्याकडची झेरॉक्स मी पुढे केली, ती प्रमाणित नाही म्हणून बाजूला ठेवली गेली. शेवटी रेकॉर्ड पूर्ण करून घेण्यासाठी अपिलार्थीने पावलं उचलली नाहीत, असं म्हणून अपीलच फेटाळलं. पक्षकाराने मला विचारलं, "साहेब, कागद माझ्याकडं होता का?" काय सांगणार?

साहेब, कायदा यावर गप्प नाही. अपील सुरुवातीलाच फेटाळलं नसेल, तर रेकॉर्ड मागवणं हे अपिली न्यायालयाचं काम, असं फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३८५ सांगत होतं. १ जुलै २०२४ पासून तेच नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४२६ मध्ये आहे. रेकॉर्ड वाचल्याशिवाय निकाल नाही, हे त्याच्या पुढचं कलम. रेकॉर्ड अपिलार्थीने आणावं, असं त्यात कुठेही नाही. बनी सिंग खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने तर वकील गैरहजर असला तरी फौजदारी अपील त्या कारणावरून फेटाळता येत नाही, गुणदोषावरच निकाल द्यावा लागतो, असं सांगितलं. वकिलाच्या गैरहजेरीची शिक्षा आरोपीला नाही, मग रेकॉर्ड रूमच्या गैरहजेरीची का?

कागद हरवला की आरोपी सुटलाच पाहिजे, असंही माझं म्हणणं नाही. अभय राज सिंग प्रकरणात रेकॉर्ड नाही म्हणून उच्च न्यायालयाने आरोपींना सोडलं होतं; २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द करून रेकॉर्ड पुन्हा उभं करायला सांगितलं. एप्रिल २०२३ मध्ये जितेंद्र कुमार रोडे प्रकरणात दुसरी बाजू आली. १९९९ ची शिक्षा, रेकॉर्ड गहाळ, तरी उच्च न्यायालयाने शिक्षा कायम केलेली. सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली, आणि जिल्हा न्यायालयांतलं रेकॉर्ड शक्यतो अपिलाच्या मुदतीतच डिजिटल व्हावं, हे पाहण्याची जबाबदारी उच्च न्यायालयांच्या रजिस्ट्रार जनरलवर टाकली. म्हणजे आपल्यावर.

आज केसची पुढची तारीख मोबाइलवर दिसते. उलटतपास मात्र अजून दोरीने बांधलेल्या बस्त्यात. तो बस्ता नकलेला जातो, जामिनाच्या अर्जावर वर जातो, कोर्ट बदललं की टेबल बदलतो, आणि दरवेळी पानं मोजून घेतली जातातच असं नाही. कारकुनांना मी दोष देणार नाही; एका माणसाच्या टेबलावर तीन माणसांचं काम मी रोज पाहतो. आणि भोगतो तो आरोपीच असंही नाही. २००९ च्या अखेरीपासून पीडितालाही निर्दोष सुटकेविरुद्ध अपिलाचा हक्क आहे. अर्ध्या रेकॉर्डावर त्याचंही अपील अर्धंच.

म्हणून विनंती अशी. बस्ता वर पाठवताना सूचीवर पानांचा आकडा आणि जबाबदार माणसाची सही असू द्या. कागद नसेल, तर कोणता नाही हे लेखी कळवा. मग सरकारी वकील, पोलीस ठाणं, दोन्ही बाजूंचे वकील, सगळ्यांकडच्या प्रती मागवून, शपथपत्रं घेऊन रेकॉर्ड उभं करा. माझ्या झेरॉक्सलाही तेव्हा किंमत येईल. हे झाल्याशिवाय अपूर्ण रेकॉर्डच्या कारणावर एकही फौजदारी अपील फेटाळलं जाऊ नये, असं परिपत्रक काढा. आणि जिल्ह्यात आजवर अशी किती फेटाळली गेली, ती एकदा मोजा.

आमचा रिव्हिजन अर्ज मुंबईला प्रलंबित आहे. निशाणी २४ अजून सापडलेली नाही.

आपला,
शिरूर-दौंडचा एक वकील