तळाच्या तोटीकडे कोण पाहतो?



१ जून ते ३१ जुलै हे दोन महिने आपल्या गोव्याच्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. या दिवसांत जाळी दुरुस्त होतात, फळ्यांना रंग चढतो, बोटीच्या नावाची अक्षरे पुन्हा उजळतात. परवा अशाच एका ओढून ठेवलेल्या ट्रॉलरवर आम्ही गेलो असता तिच्या तांडेलाला सहज विचारले, "खाऱ्या पाण्याचा मार्ग यंदा उघडून पाहिलात का?" तो सरळ मनाचा गृहस्थ हसून म्हणाला, "फादर, इंजिन चालते आहे तोवर त्याला हात कशाला लावायचा?" हे उत्तर आमच्या मनातून जाईना.

आम्ही काही यंत्रविद्येचे पंडित नव्हे. परंतु इंजिन बंद पडून बोट वाहवत राहिली, की तिच्या माणसांच्या घरी रात्र कशी सरते, हे त्या घरांतून बसून आम्ही पाहिले आहे. म्हणूनच धक्क्यावरील एका वृद्ध मिस्त्रीकडून हा विषय आम्ही समजून घेतला. त्याने शिकविले तेच येथे सांगत आहोत.

डिझेल जळून जी उष्णता निर्माण होते, तिच्यापैकी साधारण तिसरा हिस्सा किंवा थोडा अधिक एवढीच बोट चालविण्याच्या कामी येते. उरलेली धुरावाटे व पाण्यावाटे बाहेर टाकावी लागते. मोटारगाडीला समोरचा वारा मिळतो. बोटीच्या पोटात वारा कोठला? तेथे समुद्रच हे काम करतो. तळाच्या भोकावर बसविलेल्या तोटीतून, जिला सी-कॉक म्हणतात, खारे पाणी आत येते आणि गाळणीतून पंपाकडे जाते. पंपातील रबरी पात्यांचे चाक, म्हणजे इम्पेलर, ते पुढे ढकलते. हीट एक्स्चेंजरच्या बारीक नळ्यांतून वाहताना ते इंजिनातल्या गोड्या पाण्याची उष्णता घेते व पुन्हा समुद्रात पडते. काही बोटींत हे गोडे पाणीच तळाबाहेरच्या नळ्यांतून फिरविलेले असते. परंतु जेथे समुद्र आत घेतला जातो, तेथे त्याच्यावर पहारा हवाच.

कारण हा चाकर उपयोगी खरा, पण स्वभावाने चोर आहे. एका लिटरात सुमारे ३५ ग्रॅम क्षार घेऊन तो घरात शिरतो. पाणी ६० अंशांच्या आसपास तापले, की त्यातील क्षारांचे कठीण थर नळ्यांत बसू लागतात, आणि थर बसला की इंजिन अधिकच तापते. निरनिराळे धातू खाऱ्या पाण्यात एकत्र आले, की त्यांतील दुबळा धातू झिजतो. म्हणून एक्स्चेंजरमध्ये जस्ताची कांडी बसवितात. ती स्वतः झिजून तांब्याच्या नळ्यांना वाचविते. निम्मी झिजली की ती बदलावी. तळावर बाहेरून लावलेल्या जस्ताच्या तुकड्यांवर मात्र रंग कधीही लावू नये. रंगाखाली गेलेले जस्त निकामीच होय. तरीही दरवर्षी उत्साही हात तसे करतातच.

सर्वांत नाजूक तो इम्पेलर. पाणी हेच त्याचे वंगण. गाळणीत प्लास्टिकची पिशवी अडकली वा तोटी उघडावयाची राहिली, तर कोरडा फिरून तो एक-दोन मिनिटांतही फाटू शकतो. फाटलेली पाती पुढे जाऊन नळ्यांत अडकतात. म्हणून नवा बसविताना जुन्याची सर्व पाती मोजून घ्यावीत, एक जरी कमी भरले तरी शोधावे. बंदीच्या काळात तो काढून ठेवावा, कारण दोन महिने एकाच जागी दबून राहिलेली पाती तशीच वाकडी राहतात. बसविताना साबणाचे पाणी वा ग्लिसरीन लावावे. खनिज तेल रबराला मारक असते. आणि रोज इंजिन सुरू केल्याबरोबर बाहेर पडणारे पाणी डोळ्यांनी पाहावे. धार बारीक झाली असेल, तर नदीच्या मुखावरील लाटांत शिरण्यापूर्वीच परत फिरावे.

आता शेवटची व सर्वांत गंभीर गोष्ट. ही तोटी म्हणजे बोटीच्या तळाला आपणच पाडलेले भोक आहे. पाण्याखाली ६० सेंटिमीटरवरील ३८ मिलिमीटरच्या भोकातून, नळी निसटल्यास, मिनिटाला शंभराहून अधिक लिटर पाणी आत येते. म्हणून तोटी साध्या पितळेची नसावी, कारण खारे पाणी पितळेतील जस्त खाऊन तिला ठिसूळ करते. ती कांस्याची असावी. नळीला प्रत्येक टोकाशी दोन क्लिपा असाव्यात. तोटी महिन्यातून एकदा तरी उघडून मिटून पाहावी, म्हणजे वेळेला ती अडून बसणार नाही. आणि भोकाच्या मापाची लाकडी खुंटी तिच्या शेजारीच दोरीने बांधलेली असावी.

त्या ट्रॉलरवरील चार खलाशांना आम्ही विचारले, तोटी कोठे आहे? दोघांना ठाऊक नव्हते. ओडिशा व झारखंडाकडून आलेली ती तरुण मुले. जाळे कसे ओढावे हे त्यांना पहिल्याच दिवशी शिकविण्यात आले होते. पाणी भरू लागले तर हात कोठे घालावा, हे कोणीच दाखविले नव्हते. यात त्यांचा दोष नाही. ज्याच्या श्रमावर आपले घर चालते, त्याला त्याचा जीव वाचविण्याची जागा दाखविणे हे मालकाचे कर्तव्य आहे, उपकार नव्हे.

इम्पेलर, चार क्लिपा, जस्ताची कांडी, लाकडी खुंटी: नव्या जाळ्याच्या किमतीपुढे हा खर्च किरकोळ होय. ३१ जुलैपूर्वी एके सकाळी सर्व खलाशांना घेऊन बोटीच्या पोटात उतरा, आणि प्रत्येकाच्या हाताने ती तोटी एकदा मिटवून घ्या. आमच्या तांडेलाने तसे करण्याचे कबूल केले आहे. तो शब्द पाळतो की नाही, हे पाहावयास आम्ही पुन्हा जाणार आहोत.