खाणीचा पैसा कोणत्या खात्यात?

उपसलेल्या खनिजामुळे साठ्यात झालेली घट राष्ट्रीय उत्पन्नाच्या किती टक्के भरते, हे जागतिक बँक देशवार मांडते. हा हिशेब रास्तच आहे. लोहखनिज जहाजात चढले की ते परत येत नाही. त्याची सगळी किंमत कमाई मानणे म्हणजे वडिलोपार्जित जमीन विकून आलेल्या रकमेला पगार म्हणणे. संयुक्त राष्ट्रांच्या २०२५ च्या राष्ट्रीय लेखा पद्धतीतही ही घट उत्पादनाचा खर्च धरली आहे.

तरी निव्वळ या टक्क्यावर धोरण ठरवू नये. गोव्याचे पाहा. चीनची मागणी वाढली, तशी डिचोली-सांगे भागात वर्षानुवर्षे टाकाऊ म्हणून रचलेल्या डंपांनाही गिऱ्हाईक मिळाले. म्हणजे साठा किती, हे भूगर्भाइतकाच बाजारभाव ठरवतो. भाव कोसळला की टक्का घसरतो, टिप्पर मात्र तितकेच भरून धावत असतात. शिवाय भारताच्या एकूण उत्पन्नात गोव्याची घट दिसतसुद्धा नाही. आटलेल्या विहिरी आणि शेतात उतरलेला गाळ तर या हिशेबात मुळीच नाही.

दुसऱ्या बाजूला, २०१२ आणि २०१८ च्या खाणबंदीत ट्रकमालकांचे हप्ते थकले, बार्ज नांगरून पडल्या. साठा शिल्लक राहिला, एवढ्याने त्या घरांचे भागत नाही. म्हणून सरसकट बंदी मला पटत नाही. खरा प्रश्न पैशाच्या वाटेचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१४ मध्ये गोव्यासाठी वर्षाला २ कोटी टनांची तात्पुरती मर्यादा घातली आणि विक्रीच्या १० टक्के रक्कम पुढच्या पिढ्यांसाठी कायम निधीत टाकायला सांगितली. हे पाऊल योग्य, पण तोकडे आहे. नॉर्वेने तेलाचा पैसा निधीत ठेवून परताव्यापुरताच खर्च करण्याचा नियम केला. नाउरूचा फॉस्फेट संपत आला आणि त्यातून उभारलेला निधीही उधळला गेला.

आता गडचिरोलीत सूरजागडचे खनिज निघत आहे. जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा पैसा बाधित गावांच्या आजच्या गरजांसाठी आहे आणि तो तिथेच खर्च व्हावा. स्वामित्वधन मात्र महसुली जमेत मिसळून पगार-निवृत्तिवेतनात खपते. ते वेगळ्या निधीत जावे, आणि किती टन उपसले, किती उरले, हे अर्थसंकल्पात त्याच पानावर छापावे. त्याने चालू खर्चाला कात्री लागेल, आणि ती सोसायला आपण तयार असले पाहिजे.