आत्म्याचें गाणें

‘सोल’ म्हणजे आत्मा. या नांवाच्या अमेरिकन गायनाची सम्राज्ञी अरेथा फ्रँकलिन १९४२ सालीं मेंफिस येथें जन्मली. वाढली ती डेट्रॉइटमध्यें, धर्मोपदेशक वडिलांच्या चर्चमधील भजनांत. १९६० सालीं कोलंबिया कंपनीनें तिला करारबद्ध केलें, पण सहा वर्षें बेताचेंच यश आलें. १९६७ सालीं अटलांटिक कंपनीच्या जेरी वेक्सलरनें तिलाच पियानोवर बसविलें, तेव्हां चर्चमधला तो आर्त स्वर मोकळा झाला. ओटिस रेडिंगचें ‘रिस्पेक्ट’ हें पद मूळ पुरुषाच्या तोंडचें. घरीं परतल्यावर बायकोनें मान द्यावा, एवढीच त्यांतील मागणी. हिनें तें स्त्रीच्या मुखीं घातलें, बहिणींची साथ जोडली, आणि साऱ्या कृष्णवर्णीय समाजाला त्यांत स्वतःचें मागणें ऐकूं आलें.

भक्तीचा स्वर लौकिक गाण्यांत नेल्यानें विटाळतो, असें आपल्याकडील सोंवळे रसिकहि म्हणतात. मला तें पटत नाहीं. १९७२ सालीं, कीर्ति शिखरावर असतां, लॉस एंजेलिसच्या एका चर्चमध्यें दोन रात्री ती केवळ भजनें गायिली. वडील उपस्थित होते. हिनें चर्च कधीं सोडलेंच नाहीं, असें त्यांनीं सर्वांसमक्ष सांगितलें. तिच्या ध्वनिमुद्रिकांच्या संग्रहांत सर्वांत अधिक खपला तो हाच.