विरंगुळा नव्हे, शिल्प

ज्युडिथ स्कॉट यांच्या सूतशिल्पांना ‘बिचारीचा विरंगुळा’ म्हणणाऱ्यांशी आमचे भांडण आहे. डाऊन सिंड्रोम असलेल्या ज्युडिथबाईंना ओहायोतील संस्थेने शिक्षणास अपात्र ठरविले. त्यांना ऐकू येत नाही, हे कुणाच्या ध्यानीच आले नाही! पस्तीस वर्षांनी जुळ्या बहिणीने त्यांना सोडवून कॅलिफोर्नियास नेले. पुढे ओकलंडच्या कलाकेंद्रात त्या खुर्ची, पंखा, काठ्या, हाती येईल ती वस्तू सुताने व चिंध्यांनी आठवडेच्या आठवडे गुंडाळीत. सूत मिळेना तेव्हा त्यांनी हात पुसण्याच्या कागदांना गाठी मारून शिल्प घडविले. हा विरंगुळा? रंग त्यांनी निवडले, ‘पुरे’ही त्यांनीच ठरविले. दयेपोटी वाजविलेली टाळी आम्हांस अपमानच वाटते. आणि पाहुणे येताच आपण ज्या लेकराला आतल्या खोलीत नेतो, त्याच्या हाती सुताचा गुंडा कधी दिला आहे काय?