कोयनेच्या पाण्याखाली कोणाचा सातबारा होता?

कोयनानगरचा इतिहास विचारला की उत्तर धरणापासून सुरू होते. 103 मीटर उंची, 105 टीएमसी साठा, 1,960 मेगावॅट वीज. पर्यटकाला नेहरू उद्यान दाखवतात, शिवसागराचे पाणी दाखवतात आणि वर सांगतात की ही महाराष्ट्राची जीवनरेखा. आकडे खरे आहेत. पण आकड्यांच्या या यादीत माणसे कुठे आहेत, आणि जी थोडी आहेत ती कोणत्या घरची आहेत, हा प्रश्न आम्हाला विचारायचा आहे.

आधी भूगोल समजून घेऊ, कारण पुढचे सगळे त्यातून आले. महाबळेश्वरला उगम पावलेली कोयना सह्याद्रीला समांतर दक्षिणेकडे वाहते, हेळवाकजवळ पूर्वेला वळते आणि कराडला कृष्णेला मिळते. याच वळणाजवळ पाटण तालुक्यात धरण उभे राहिले. पश्चिमेला कडा आणि कड्याखाली कोकण. पूर्वेला जाणारे पाणी बोगद्यातून पश्चिमेला पोफळीकडे पाडले की मोठी वीज मिळते. वीज करून झाल्यावर ते पाणी वाशिष्ठीतून चिपळूणमार्गे समुद्राला जाते. कृष्णा पाणी तंटा लवादाने त्यासाठी वर्षाला 67.5 टीएमसी पाणी पश्चिमेला वळवण्यास मान्यता दिली. कोयनानगर हे या योजनेसाठी वसवलेले गाव. साहेब, कारकून आणि मजूर यांना नोकरीच्या श्रेणीनुसार घरे देणारी कॉलनी.

धरण 1964 च्या सुमारास पूर्ण झाले. पाटण, जावळी आणि महाबळेश्वर तालुक्यांतली शंभराच्या आसपास गावे उठली, सुमारे नऊ हजार कुटुंबे विस्थापित झाली. कोणी सांगली-सोलापूरच्या माळावर गेले, कोणी रायगड-ठाण्याकडे. काही जण पाणी चढले तसे डोंगरावर सरकले. 1985 साली त्याच डोंगरांवर कोयना अभयारण्य जाहीर झाले आणि पुढे 2010 मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. एकदा पाण्यासाठी उठलेल्या माणसाला दुसऱ्यांदा वाघासाठी उठ म्हणून सांगण्यात आले. त्या डोंगरांवर पिढ्यान्‌पिढ्या म्हशी पाळणाऱ्या गवळी धनगरांच्या वाड्यांचीही हीच गत.

या सगळ्या काळात राज्यात पुनर्वसनाचा कायदाच नव्हता. तो आला 1976 साली. तोवर धरण भरून बारा पावसाळे उलटले होते. आजही धरणग्रस्तांना रस्त्यावर बसावे लागते. 2018 साली श्रमिक मुक्ती दलाच्या नेतृत्वाखाली हजारो धरणग्रस्तांनी कोयनानगरात ठिय्या दिला, तेव्हा त्यांत आजोबाची मागणी घेऊन आलेले नातू होते. त्या लढ्याला आमचा पाठिंबा आहे आणि राहील. पण तो लढा पूर्ण व्हायचा असेल, तर एक गोष्ट मोकळेपणाने बोलावी लागेल.

जमिनीच्या बदल्यात जमीन, हे धरणग्रस्तांचे न्याय्य मागणे. पण ज्याच्या नावावर जमीनच नव्हती, त्याच्या बदल्यात काय? पुनर्वसनाची सगळी भाषा खातेदाराची आहे. किती खातेदार पात्र, किती अपात्र, किती बाकी. बुडालेल्या प्रत्येक गावात गावकुसाबाहेर एक वस्ती होती. तिची गुजराण दुसऱ्याच्या शेतावरच्या मजुरीवर, बलुत्यावर आणि वतनाच्या तुकड्यावर चाले. गाव उठले तेव्हा शेतकऱ्याची जमीन गेली, तिची नोंद झाली. मजुराचे काम गेले, ते सातबाऱ्याच्या कोणत्या रकान्यात लिहायचे?

वतनाची गोष्ट तर आणखी अवघड. महार वतन ही गुलामी आहे हे बाबासाहेबांनी 1928 सालीच मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक आणून सांगितले होते. ते वतन गेल्याचे दुःख आम्हाला नाही. पण तारखा पाहा. 1956 साली धम्मदीक्षा. 1 ऑगस्ट 1959 पासून कनिष्ठ गाव वतने निर्मूलनाचा कायदा लागू. वतनी जमिनी सरकारजमा, आणि परत हव्या असतील तर शेतसाऱ्याच्या पटीत रक्कम भरा. आणि त्याच वर्षांत कोयनेची भिंत वर चढत होती. काही वर्षांतच बुडणाऱ्या जमिनीसाठी ही रक्कम कोण भरणार होते आणि कुठून? ज्या पिढीने मेलेली ढोरे ओढायचे सोडले, गावकी सोडली, त्याच पिढीच्या पायाखालची जमीन आधी कागदावरून गेली आणि मग पाण्याखाली गेली.

कोणी म्हणेल, धरणाने सगळ्यांनाच उठवले, इथे जात कशाला आणता? पाण्याने सगळ्यांना सारखेच बुडवले, हे कबूल. भरपाई मात्र कागद पाहून झाली, आणि कागद कोणाकडे असावा हे जातीने शेकडो वर्षे आधीच ठरवून ठेवले होते.

11 डिसेंबर 1967 च्या पहाटे भूकंप झाला. कोयनानगर आणि भोवतालच्या वाड्यांत दगड-मातीची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली, सुमारे 180 माणसे गेली. धरणाच्या जलाशयामुळे भूकंप होऊ शकतो, याचे उदाहरण म्हणून जगभरचे शास्त्रज्ञ आजही कोयनेचे नाव घेतात. धरणाला भेगा पडल्या, भिंत मजबूत केली गेली. लोकांना काय मिळाले? पुढे शासनाने नोकऱ्यांत प्रकल्पग्रस्तांसाठी 5 टक्के आणि भूकंपग्रस्तांसाठी 2 टक्के समांतर आरक्षण ठेवले. पाटण तालुक्यातल्या तरुणाला ‘दाखला’ या शब्दाचे मोल सांगावे लागत नाही.

या दाखल्याचा अर्थ आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. समाजाच्या भल्यासाठी तुमचे नुकसान झाले, ते समाज भरून देणे लागतो, हेच तो सांगतो. प्रकल्पग्रस्ताच्या नातवाला कोणी फुकटखाऊ म्हणत नाही, म्हणूही नये. मग जातीच्या आरक्षणाला खिरापत कसे म्हणता? कराडजवळचे मसूर स्टेशन आठवा. साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघालेल्या लहानग्या भीमरावाला आणि त्याच्यासोबतच्या मुलांना तिथून पुढच्या बैलगाडीच्या प्रवासात रात्रभर घोटभर पाणी मिळाले नाही. टोलनाक्यावरच्या माणसाने नकार दिला. कोयना-कृष्णेच्या याच मुलखात पाणी असूनही माणसे तहानलेली ठेवली गेली. पाणी आणून ज्याचे घर बुडवले त्याला दाखला, तर पाणी अडवून ज्याच्या पिढ्या बुडवल्या त्याला का नको? तत्त्व एकच आहे.

आम्ही धरणविरोधी नाही. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना दामोदर आणि महानदीच्या योजनांना गती देणाऱ्या बाबासाहेबांचे आम्ही अनुयायी. नदीचे पाणी अडवून वीज आणि सिंचन करावे, त्यातून गरिबी हटवावी, हे त्यांचेच धोरण. म्हणून तर हिशेब मागायचा पहिला हक्क आमचा.

तो हिशेब अवघड नाही. बुडीत गावांची यादी खात्यांनुसार आहे, ती घरांनुसार करा. जुनी कोतवाल बुके, वतनी जमिनींची नोंद असलेला गाव नमुना नंबर तीन आणि 1951-52 च्या मतदार याद्या तपासा. जातपडताळणीसाठी आमच्या मुलांकडून हेच जुने कागद मागितले जातात. मग ते पुनर्वसनासाठी का चालू नयेत? वस्त्यांवर अर्ज भरून देताना आम्हाला पहिला प्रश्न ऐकू येतो, सातबारा कुठे आहे? तो प्रश्न बदलला पाहिजे. विचारा, तुमचे घर कोणत्या गावात होते?

धरणग्रस्तांच्या चळवळीतील मित्रांनाही आमचे सांगणे आहे. मागण्यांच्या पत्रकात भूमिहीनांचे कलम शेवटून पहिले नको, पहिले हवे. खातेदाराचा हक्क त्याने कमी होणार नाही, लढ्याची संख्या मात्र वाढेल.

आणि आपल्या तरुणांनो, पुनर्वसित गावठाणांतले जुने लोक आता थोडेच उरले आहेत. वही घेऊन त्यांच्याकडे बसा. गावाचे नाव, वस्तीत किती घरे होती, कोण कुठे गेले, पाणी कोणत्या विहिरीचे भरत होतो, सगळे लिहून घ्या. सरकारी कागदात आपण नसू, तर आपला कागद आपणच तयार करू.

जय भीम!