पदकानंतरचा पदन्यास

गणपतीचे दिवस आले की आमच्या फणसवाडीत आणि आजूबाजूच्या वाड्यांत संध्याकाळचे कार्यक्रम सुरू होतात. २०१० पासून या कार्यक्रमांत 'अप्सरा आली' चुकल्याचे मला आठवत नाही. माईक हातात घेतलेला मुलगा मोठ्या उत्साहाने सांगतो, चित्रपट 'नटरंग', गीत गुरु ठाकूर यांचे, संगीत अजय-अतुल यांचे, पडद्यावर सोनाली कुलकर्णी. मग आठवी-नववीतली एखादी मुलगी नऊवारी सावरत येते आणि हात, मान, डोळे, कंबर, सारे काही पडद्यावर पाहिल्याबरहुकूम करून दाखवते. टाळ्या पडतात. ज्या हालचालींना टाळ्या पडतात त्या मुळात कुणी योजल्या, हे मात्र निवेदकाच्या कागदावर कधीच नसते.

त्या योजल्या फुलवा खामकर यांनी. हे नाव अलीकडे दूरदर्शन संचावर दिसते म्हणून पुष्कळांना ठाऊक आहे. पण या बाई मुळात नर्तकी नव्हेत, जिम्नॅस्ट आहेत, शिवछत्रपती पुरस्कार मिळवलेल्या जिम्नॅस्ट, हे सांगितले की आमच्याकडची मंडळी चमकतात. आणि मग लगेच म्हणतात, "अस्सं! म्हणजे खेळ सोडून नाचात गेल्या तर!"

या 'सोडून' शब्दाशी माझे भांडण आहे.

आधी थोडी ओळख. फुलवा या अनिल बर्वे यांच्या कन्या. 'थँक यू मिस्टर ग्लाड' आणि 'हमिदाबाईची कोठी' लिहिणारे बर्वे १९८४ साली ऐन उमेदीत गेले. 'तुंबाड' हा २०१८ साली आलेला आणि अंगावर काटा आणणारा चित्रपट करणारे राही बर्वे हे फुलवा यांचे भाऊ. घर लेखकाचे, पण मुलगी गेली व्यायामशाळेत. तिथे नाव काढले. मग १९९७ साली 'बूगी वूगी' ही नाचाची स्पर्धा जिंकली. छोट्या पडद्यावर असल्या स्पर्धांचा पूर यायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. पुढे त्या नृत्यदिग्दर्शनात शिरल्या आणि १ जानेवारी २०१० रोजी 'नटरंग' प्रदर्शित झाला.

जिम्नॅस्टिक्स म्हणजे कोलांट्या, अशी आपली ढोबळ समजूत असते. मुलींच्या जिम्नॅस्टिक्समध्ये चार प्रकार असतात. त्यातला बीम म्हणजे जमिनीपासून सव्वा मीटर उंचीवरची पाच मीटर लांबीची फळी, रुंदी फक्त दहा सेंटिमीटर. आपल्या स्वयंपाकघरातल्या पोळपाटाच्या निम्म्याहूनही कमी. तिच्यावर चालायचे, वळायचे, उडी मारून पुन्हा तिच्यावरच यायचे आणि चेहऱ्यावर काहीही दिसू द्यायचे नाही. दुसरा प्रकार फ्लोअर एक्सरसाइजचा. बारा मीटर लांब, बारा मीटर रुंद गादी, जास्तीत जास्त नव्वद सेकंद, आणि मुलींना संगीताची साथ सक्तीची. त्या संगीतात गाण्याचे शब्द चालत नाहीत. म्हणजे शब्दांचा आधार न घेता, दीड मिनिटात, चारी कोपरे वापरून, सुरुवात-मध्य-शेवट असलेली एक रचना उभी करायची. याला नृत्यरचना म्हणायचे नाही तर काय म्हणायचे? बारा-तेरा वर्षांची पोर हे रोज संध्याकाळी करत असते आणि घरची माणसे म्हणतात, "उड्या मारून आली."

तेव्हा 'अप्सरा आली'तले वळण, थांबणे, मानेचा झटका देऊन क्षणभर स्थिर राहणे, यात मला त्या फळीवरची शिस्त दिसते. हा माझा ग्रह असेल. पण एक गोष्ट सरळ आहे. त्या गाण्यात एकही कोलांटी नाही. जिला सगळ्या कोलांट्या येतात तिने लावणी बसवताना एकही घातली नाही, याचे मला मोठे कौतुक वाटते. आजकालच्या स्पर्धांत लावणी म्हणून सुरू झालेला नाच दुसऱ्या कडव्याला उलटी उडी घेतो आणि परीक्षक उभे राहून टाळ्या वाजवतात. तिथे नाच संपतो आणि कसरत सुरू होते. ज्यांनी कसरत मनापासून केली आहे त्यांना ही सीमा बरोबर कळते. शिवाय समोर नाचणारी अभिनेत्री जिम्नॅस्ट नाही, तिचे शरीर वेगळे, तिची ताकद वेगळी. दुसऱ्याच्या शरीराला शोभेल असे रचायचे, आपल्याला येते ते सगळे त्यावर लादायचे नाही, हे अवघड काम. कादंबरी लिहिताना पात्राच्या तोंडी स्वतःची भाषा न घालणे जसे अवघड, तसेच. (मला ते दर वेळी साधते असे नाही.)

'नटरंग'ची गोष्टही पाहा कशी जुळून आली आहे. आनंद यादवांच्या कादंबरीतला गुणा कागलकर हा पैलवान गडी. तमाशाच्या ओढीने त्याला नाच्या व्हावे लागते. तालमीत कमावलेले शरीर बाईच्या लचकीत वळवावे लागते आणि गाव त्याला हसते, त्याच्यावर उलटते. आखाड्यातले शरीर बोर्डावर नेले की काय किंमत मोजावी लागते, त्याची ती कथा. तिच्यातली अप्सरा रचायला स्पर्धेच्या मैदानातून आलेली बाई मिळाली, हा योगायोग मला फार आवडतो.

आता माझ्या जुन्या धंद्याकडे वळतो. बँकेत मी तीसेक वर्षे काढली. बँका, रेल्वे, विमा कंपन्या यांनी खेळाडूंना नोकऱ्या दिल्या, घरे उभी राहिली, याबद्दल वाईट बोलणे कृतघ्नपणाचे ठरेल. पण आमच्या एका शाखेत कबड्डीतला एक उत्तम चढाईपटू होता. स्पर्धा असल्या की त्याला लवकर सोडत, करंडक आला की साहेब त्याच्याबरोबर फोटो काढून घेत. तिशी उलटली, गुडघा गेला, आणि तो पासबुके भरायच्या खिडकीवर बसला. निवृत्तीपर्यंत तिथेच होता. ज्याला सात माणसांच्या साखळीतली फट अर्ध्या क्षणात दिसायची, त्याच्या त्या नजरेचे काय करायचे हे कुणालाच सुचले नाही. त्याचा पगार वेळेवर झाला, बढतीही मिळाली. हिशेबाला सगळे बरोबर होते.

याच हिशेबाची दुसरी एक वही आहे, ती इंग्लंडातल्या नॉटिंगहॅम शहरातली. १९८० साली तिथे जेन टॉर्व्हिल नावाची मुलगी एका विमा कंपनीत कारकून होती आणि ख्रिस्तोफर डीन पोलिसात शिपाई होता. दोघे मिळून बर्फावरचे नृत्य करायचे, म्हणजे पायांत धारदार पात्यांचे बूट घालून, जोडीने, संगीतावर. नोकरी सांभाळून जगज्जेते होता येईना. तेव्हा दोघांनी नोकऱ्या सोडल्या आणि नॉटिंगहॅमच्या नगरपालिकेने त्यांना तीन वर्षांसाठी बेचाळीस हजार पौंड अनुदान दिले. कर्ज मंजूर करणारा माणूस म्हणून सांगतो, या प्रस्तावाला मी तारण काय लावले असते? एक कारकून, एक शिपाई आणि बर्फ.

१४ फेब्रुवारी १९८४ रोजी सारायेव्होच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये या जोडीने राव्हेलच्या 'बोलेरो' या रचनेवर नृत्य केले. नियम असा होता की नाच चार मिनिटे दहा सेकंदांपेक्षा लांबता कामा नये. संगीत कितीही छाटले तरी चार मिनिटे अठ्ठावीस सेकंदांच्या खाली येईना. मग नियमाची पुस्तिका उघडून पाहिली तेव्हा दिसले की घड्याळ सुरू होते ते पात्याचा स्पर्श बर्फाला होतो तेव्हा. म्हणून पहिले अठरा सेकंद दोघे बर्फावर गुडघे टेकून फक्त डोलत राहिले. आमच्या ऑडिटरनेही नियमाचे असे सुंदर वाचन कधी केले नसेल! नऊच्या नऊ परीक्षकांनी कलात्मकतेसाठी सहापैकी सहा गुण दिले. पण माझ्या मनात राहिले ते सुवर्णपदकापेक्षा ते गुडघे टेकणे. अडचणीतून रचना काढणारी ती बुद्धी खेळाडूची होती, आणि ती पुढे टिकली.

कारण डीन नंतर दुसऱ्यांसाठी नाच बसवू लागला. फ्रान्सकडून खेळणाऱ्या इझाबेल आणि पॉल द्युशने या भावंडांसाठी त्याने रचना केल्या. १९९१ साली ती दोघे जगज्जेती झाली आणि १९९२ च्या आल्बेरव्हिल ऑलिंपिकमध्ये त्यांनी रौप्यपदक घेतले. आता गुण दुसऱ्यांच्या नावावर पडत होते, फुले दुसऱ्यांना मिळत होती आणि डीन कठड्याबाहेर उभा होता. पदकाच्या मंचावर नृत्य बसवणाऱ्यासाठी पायरी नसते.

आपल्याकडची पायरी तर त्याहून खाली. फेब्रुवारी २०१० मध्ये, म्हणजे 'नटरंग' आला त्याच्या पुढच्याच महिन्यात, व्हँकुव्हर ऑलिंपिकमध्ये मेरिल डेव्हिस आणि चार्ली व्हाइट या अमेरिकन जोडीने लोकनृत्याच्या फेरीसाठी चक्क हिंदी चित्रपटसंगीत निवडले. 'कजरा रे' होते, 'देवदास'मधले 'डोला रे डोला' होते. एका भारतीय नृत्यशिक्षिकेकडे जाऊन त्यांनी हातांच्या मुद्रा, डोळ्यांची फेक शिकून घेतली होती. त्यांना रौप्यपदक मिळाले. आपण सगळे खूष झालो, आपल्या माधुरीची गाणी बर्फावर गेली म्हणून. 'डोला रे' सरोज खान यांनी बसवले आणि त्यासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता, हे त्या दिवशी आपल्यापैकी कितीजणांच्या मनात आले? सरोजबाई २०२० च्या जुलैत गेल्या. त्यांच्या 'एक दो तीन'ने धमाल उडवली तेव्हा कुठे 'फिल्मफेअर'ला नृत्यदिग्दर्शनाचे बक्षीस सुरू करावेसे वाटले. तोपर्यंत तीसेक वर्षे ही बक्षिसे वाटली जात होती आणि चित्रपटांत माणसे नाचतही होती.

हे नुसते मानापमानाचे दुखणे नाही, पैशाचेही आहे. १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात नृत्यरचना ही नाट्यकृतीत मोडते, मात्र ती लिहून किंवा अन्य रीतीने नोंदलेली हवी. २०१२ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि चित्रपटातल्या गाण्यांच्या गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा कुणालाही सहीने काढून घेता येणार नाही अशी तरतूद आली. चांगलेच झाले. पण त्या तरतुदीत शब्द आहेत साहित्य आणि संगीत. नृत्य नाही. म्हणजे गाणे दहा वर्षांनी वाजले तर लिहिणाऱ्याचा वाटा राहतो. तोच नाच दहा वर्षांनी गावोगावच्या मांडवांत जसाच्या तसा नाचला गेला तर बसवणाऱ्याला काय मिळते? निवेदकाच्या तोंडून नावसुद्धा नाही. मांडवातल्या पोरींकडून पैसे वसूल करा असे कोणी म्हणत नाही. पण मोठे मनोरंजनाचे कार्यक्रम, वाहिन्या, तिकिटे लावून होणारे सोहळे यांनी त्या पावलांसाठी काही मोजायला काय हरकत आहे?

यावर कोणी म्हणेल की प्रत्येक खेळाडू काही फुलवा खामकर होत नाही, डीन तर नाहीच. कबूल. सगळ्यांनी नृत्यदिग्दर्शक व्हावे असेही नाही. दादरला शिवाजी पार्कवर समर्थ व्यायाम मंदिरात उदय देशपांडे यांनी कस्टम्समधली अधिकाऱ्याची नोकरी सांभाळून मल्लखांब शिकवला. अंध मुलांनाही शिकवला आणि परदेशी माणसांनाही. २०१९ साली मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा शिवाजी पार्कवरच झाली आणि २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. नोकरी सोडून किंवा न सोडता, शरीराने मिळवलेले ज्ञान पुढे नेण्याच्या वाटा निरनिराळ्या आहेत. प्रश्न इतकाच की ते ज्ञान आहे, हे आपण मानतो का?

मला वाटते, आपण मानत नाही. आपल्या मध्यमवर्गीय घरांत खेळाची मुदत ठरलेली असते, दहावीपर्यंत. बोर्डाच्या परीक्षेत खेळाचे सवलतीचे गुण मिळतात तोवर क्लासची फी भरायची, प्रमाणपत्र फाइलमध्ये लावायचे, आणि अकरावीला 'आता पुरे'. आठ-दहा वर्षे पोरीने जे कमावले त्याचे मोल तेवढ्या थोड्या गुणांत चुकते होते. बँकेच्या भाषेत याला मुदतपूर्व मोडलेली ठेव म्हणतात, आणि तिथे निदान व्याज कापताना ग्राहकाची सही तरी घेतात. इथे त्या मुलीला कोणी विचारत नाही.

आमच्या मजल्यावरची एक मुलगी यंदा दहावीला आहे. सहा वर्षे जिम्नॅस्टिक्स करते. तिची आई परवा माझ्याकडे आली होती, रिकरिंगचे पैसे कुठे गुंतवावेत हे विचारायला. बोलता बोलता म्हणाली, "काका, मार्चनंतर क्लास बंदच करतोय आम्ही, तेवढीच बचत." मी तिला व्याजाचे दर सांगितले आणि मग फीचा आकडा विचारला. महिन्याच्या केबल आणि मोबाइलच्या बिलापेक्षा तो थोडासाच जास्त निघाला. मुलगी दारात उभी राहून ऐकत होती, उंबरठ्यावर एका पायावर, दुसरा मागे ताणून, कशालाही न धरता.