शेवटच्या सहा मिनिटांचा हिशेब

मंडळी, सामना संपला की कोचला शहाणपण शिकवणं ही जगातली सगळ्यात सोपी गोष्ट. 2007 च्या टी-20 विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात धोनीने शेवटचं षटक जोगिंदर शर्माला दिलं. आपण पाच धावांनी जिंकलो, म्हणून तो निर्णय धाडसी. मिसबाहचा तो फटका श्रीशांतच्या हातात न जाता सीमेपार गेला असता तर? तोच निर्णय वेडेपणा ठरला असता!

म्हणून माझा एक साधा नियम आहे. कोचला प्रश्न जरूर विचारावेत, पण त्या क्षणी त्याला जे ठाऊक होतं तेवढ्याच भांडवलावर.

हा नियम मी केंटकीच्या 2015 च्या कॉलेज बास्केटबॉल संघाला लावून बघतो. जॉन कॅलिपरीचा हा संघ 38-0 अशा थाटात उपांत्य फेरीत आला होता. 1976 च्या इंडियानानंतर पुरुषांमध्ये कुणीच अपराजित राहून विजेतेपद मिळवलेलं नव्हतं. 4 एप्रिलला समोर विस्कॉन्सिन. साधारण साडेसहा मिनिटं उरली असताना केंटकी 60-56 ने पुढे. आणि मग... जवळजवळ सगळा उरलेला वेळ गुणफलक गोठल्यासारखा! तेव्हा एका चढाईला 35 सेकंद मिळत. तेवढ्या वेळात केंटकीला तीनदा धड शॉटसुद्धा घेता आला नाही. शेवटी 71-64 अशी हार.

टीकाकारांचा आवडता मुद्दा म्हणजे डेव्हिन बुकर. या पोराने पुढे 2017 मध्ये एनबीएच्या एका सामन्यात 70 गुण केले. त्याला कॅलिपरीने अख्ख्या मोसमात एकदाही सुरुवातीच्या पाचांत घेतलं नव्हतं. पण हे 70 गुण कॅलिपरीला 2015 मध्ये कुठून दिसणार? हा आरोप मी खोडून टाकतो.

कार्ल-अँथनी टाउन्सचं मात्र तसं नाही. आठवडाभर आधीच नॉत्र दामविरुद्ध त्याने 25 गुण केले होते आणि केंटकी 68-66 अशी कशीबशी वाचली होती. विस्कॉन्सिनविरुद्धही त्याचे 16 गुण झाले. म्हणजे बास्केटजवळ त्याला चेंडू दिला की काम होतं, हे कोचला पक्कं ठाऊक होतं. तरीही शेवटी गार्डस् बाहेर चेंडू आपटत घड्याळ संपवत राहिले. टाउन्स कोर्टवर असून नसल्यासारखा! नुसते पाच जण निवडून भागत नाही हो, चेंडू कुणाच्या हातात जाणार हीसुद्धा निवडच असते. माझ्या मते कॅलिपरी तिथे चुकला. आघाडी वाढवायची सोडून तो ती सांभाळत बसला.

यात वाईट कुणाचं झालं? कॅलिपरीकडे 2012 चं विजेतेपद होतंच, आणि पुढचे मोसमही होते. त्या पोरांपैकी सात जण लगेच एनबीएच्या ड्राफ्टला गेले. पैसा, नाव, सगळं मिळालं काहींना. पण एकत्र 40-0 करायची संधी एकदाच होती, ती गेली.

असो. तुम्ही कॅलिपरीच्या जागी असता तर चार गुणांची आघाडी सांभाळली असती की वाढवली असती? प्रामाणिकपणे सांगा बरं का, निकाल विसरून! :)